रेंज आधी, रिचार्ज नंतर

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातल्या पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, शेतमजूर आणि पुण्यात कोथरूडला राहणारा नोकरदार एकाच कंपनीचं प्रीपेड रिचार्ज घेतात, तेव्हा दोघं सारखीच रक्कम मोजतात. दूरसंचार खात्याच्या आखणीत मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. परवाना परिमंडळाचा आणि दरही परिमंडळभर सारखे. सेवा मात्र सारखी नाही. कोथरूडच्या माणसाला घरातल्या आतल्या खोलीत रेंज मिळते, तर पोडावरच्या माणसाला ती शोधत अनेकदा उंचवट्यावर जावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या मोबाइलचा इतिहास या तफावतीतूनच घडला आहे. किंमत परिमंडळावर ठरली, रेंज टॉवरवर ठरली, आणि या दोहोंची सांगड घालणारी अट प्लॅनच्या कागदावर आली नाही. ‘कोणतं रिचार्ज स्वस्त?’ या प्रश्नाआधी ‘आपल्या शिवारात कोणाचं टॉवर येतं?’ असं विचारणारं इथलं गिऱ्हाईक त्यामुळे मागासलेलं नव्हतं. बाजाराने आणि सरकारने जो हिशेब मांडायला हवा होता, तो ते आपल्या अनुभवातून मांडत होतं. हा हिशेब बरोबर कसा होता आणि तो धोरणात अजून पुरता का उतरला नाही, ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जाळं कुठवर पोहोचायचं हे या जिल्ह्यात मालाच्या वाटेवरून ठरत आलं आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ‘शकुंतला’ नावाने ओळखली जाणारी नॅरोगेज १९०३ च्या सुमारास सुरू झाली ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीला त्यात पैसा दिसत होता. ज्या डोंगराळ पट्ट्यात वाहून नेण्याजोगा माल कमी आणि वस्ती विरळ, तिकडे रूळ वळले नाहीत. दूरध्वनीचंही फार वेगळं झालं नाही. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत देशातल्या प्रत्येक गावात फोन नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते मुदतीत गाठलं गेलं नाही. गावोगावच्या सार्वजनिक फोनसाठी एका मध्यवर्ती ठिकाणाहून रेडिओलहरींनी अनेक गावं जोडणारी यंत्रणा देशभर बसवली होती. ती इतकी वारंवार बंद पडे की पुढे ती बदलण्याचा वेगळा कार्यक्रम घ्यावा लागला. डिसेंबर २००२ मध्ये ग्रामीण संचार सेवक योजना आली आणि काही गावांत पोस्टमन बिनतारी फोन घेऊन दारोदार फिरू लागले. फोनला गावात जागा नव्हती म्हणून माणसाच्या खांद्यावरून त्याला गावात न्यावं लागलं, इतकी ही उणीव खोल होती. लोकांना बोलायचं होतं आणि त्यासाठी पैसे मोजायची त्यांची तयारीही होती, हे तेव्हाच दिसलं होतं.

मोबाइलचे परवाने देताना ही उणीव भरून काढता आली असती. पण परवान्यातली अटच वेगळ्या मापाने लिहिली गेली. पहिल्या वर्षी परिमंडळातल्या दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा सुरू करायची, मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातलं दुसरं शहर घेतलं तरी चालेल, आणि शहराच्या पालिका हद्दीतल्या नव्वद टक्के भागात लहरी पोहोचल्या की ते शहर व्यापलं असं धरायचं, अशी ती अट होती. ग्रामीण भाग व्यापणं बंधनकारक नाही, हेही परवान्यात स्पष्ट होतं. म्हणजे यवतमाळ शहराच्या हद्दीत टॉवर उभे राहिले की कागदावर यवतमाळ जिल्ह्याचं काम झालं. तेरा हजार पाचशे चौरस किलोमीटरहून मोठा आणि २०११ च्या जनगणनेनुसार पावणेअठ्ठावीस लाख वस्तीचा हा सोळा तालुक्यांचा जिल्हा एका नगरपालिकेच्या हद्दीवरून मोजला गेला. पुढे पुसद, वणी, दिग्रस, दारव्हा अशा बाजारपेठा आणि पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग यांना आधी रेंज मिळाली, तर उमरखेडचा ‘बंदी भाग’ म्हणून ओळखला जाणारा जंगलपट्टा आणि घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी-जामणीतले पोड मागे राहिले. परवान्याच्या मापाचं हे सरळ फलित होतं. कंपन्यांनी अट मोडली नाही, अटीतच गाव नव्हतं.

रेंज कोणाची चांगली, यालाही याच परवान्यांचा इतिहास कारणीभूत आहे. महाराष्ट्रात आधी आलेल्या दोन खासगी कंपन्या, बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल, यांना ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी मिळाल्या. पहिलीची पुढे आयडिया झाली, दुसरी हच आणि मग व्होडाफोनमध्ये गेली. ऑक्टोबर २००२ मध्ये मोबाइल सेवेत उतरलेल्या बीएसएनएलकडेही याच पट्ट्यातल्या लहरी होत्या. नंतर आलेल्यांना मुख्यतः १८०० चा पट्टा मिळाला. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात, आणि सागवानाची झाडी, मातीच्या भिंती, टेकड्यांचे उतार यांतून त्यांची ताकद तुलनेने कमी घटते. घाट आणि पठारांच्या या जिल्ह्यात एका टॉवरने पाच गावं धरली की दोन, हे पुष्कळदा यावरून ठरे. ‘आपल्याकडे अमुकच चालतं’ हे चावडीवरचं बोलणं म्हणजे लहरींच्या वाटपाचा लोकांनी लावलेला अचूक अर्थ होता. पुढच्या लिलावांतून इतरांनीही कमी वारंवारतेच्या लहरी घेतल्या आणि हा फरक बराच मिटला. पण ज्या काळात गावाचा कंपनीवर विश्वास बसला किंवा उडाला, त्या काळात तो होता. दक्षिणेला आणखी एक अडचण होती. परिमंडळाची सीमा पैनगंगेच्या पात्रातून जाते, लहरी मात्र पात्रापाशी थांबत नाहीत. अलीकडच्या काठावर आपला टॉवर क्षीण आणि पलीकडे आदिलाबादच्या बाजूचा सशक्त असेल, तर घराच्या ओट्यावर बसलेला माणूसही हिशेबात परप्रांतात जाई आणि त्याला रोमिंगचे पैसे पडत. बीएसएनएलने जून २०१५ मध्ये देशभर रोमिंगमधलं इनकमिंग मोफत केलं आणि नंतर इतरांनीही तसंच केलं, तेव्हा ही कटकट सरली.

या उणिवांसकट मोबाइल गावात रुजला तो प्रीपेडमुळे. १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं आणि फोन बाळगणं व फोन करणं या दोन खर्चांची फारकत झाली. २००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजना आल्या. एकदा साधारण हजार रुपये भरले की सिम चालू राहणार, असं त्यांचं स्वरूप होतं. जोडीला दहा रुपयांचं छोटं रिचार्ज होतंच. यवतमाळच्या अर्थव्यवस्थेशी ही रचना नेमकी जुळली. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा दर महिन्याला येत नाही. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, कापसाचे चुकारे हिवाळ्यात मिळतात, उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणीचा हंगाम आटोपला, की आवक आटते, आणि जून ते सप्टेंबर बियाणं, खत, फवारणी यांतच हात रिकामा होतो. अशा माणसाला लाइफटाइम सिम म्हणजे हंगामात एकदा भरलेला वर्षाचा दाणागोटा होता, टंचाईच्या महिन्यांतही न संपणारा. बॅलन्स नसला तरी फोन यायचा. मिस्ड कॉलची रीत याच रचनेतून आली. ऊसतोडीला गेलेल्या मजुराने एक रिंग द्यायची आणि ज्याच्याकडे बॅलन्स असेल त्याने उलट फोन करायचा. शिवाय सिम ठेवायला खर्च नसल्याने दोन कंपन्यांची दोन सिम बाळगता येत. घरी एकाची रेंज, शेतात दुसऱ्याची. टॉवरच्या जाळ्यातली भोकं गिऱ्हाइकाने अशी आपल्या खिशातून बुजवली होती.

२०११ च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर आली आणि निवड वाढेल अशी आशा वाटली. पुढच्या दशकात उलट घडलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. डेटा स्वस्त झाला, बोलणं जवळपास फुकट झालं, आणि त्या झटक्यात टेलिनॉर, एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टाटा डोकोमो यांची मोबाइल सेवा बाजारातून गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांत जुन्या पायाच्या दोन जाळ्यांचं असं एकच जाळं झालं, एकाच जागी असलेले दुहेरी टॉवर कमी करण्यात आले, आणि थकबाकीच्या ओझ्याखाली नवी गुंतवणूक मंदावली. जिओ फक्त ४जीवर चालणारी असल्याने जुन्या बटणांच्या फोनमध्ये तिचं सिम उपयोगाचं नव्हतं. तिला स्वतःचा स्वस्त फोन वेगळा काढावा लागला. मग २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची सक्ती आली आणि लाइफटाइमचा काळ संपला. एका मोठ्या खासगी कंपनीत २८ दिवस सिम चालू ठेवण्याचा किमान आकडा तेव्हा ३५ रुपये होता. २०२१ मध्ये तो आधी ७९ आणि मग ९९ झाला, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद बोलण्याच्या २८ दिवसांच्या प्लॅनला १९९ रुपये पडू लागले. दहा रुपयांचं टॉपअप नियमात अजून आहे, पण त्याने मुदत वाढत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते खोटं नाही. भारतातला डेटा जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहे, मग तक्रार कसली? तक्रार दर जीबीच्या भावाची नाहीच, ती उंबरठ्याच्या उंचीची आहे. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. १९९ ने गुणलं की २,५८७ रुपये होतात, आणि दोन सिम ठेवायची तर पाच हजारांच्या वर. ज्याला दिवसभर ४जी मिळतं त्याच्यासाठी हा सौदा उत्तम आहे. ज्याच्या गावात संध्याकाळी दोन रेघा येतात, तो न वापरता येणाऱ्या डेटाचेही पैसे भरतो. महागाई सरासरीने मोजणाऱ्याला हा फरक दिसत नाही. किमान रिचार्जचा दुसरा परिणाम तर थेट रेंजवर झाला. दोन कंपन्यांची दोन सिम हा गावाने शोधलेला उपाय होता, आणि दोन्हींचं भाडं सुरू होताच एक सिम बंद करणं भाग पडलं. घरातल्या ज्या फोनवरून कमी बोललं जातं तो आधी बंद पडणार हेही उघड आहे, आणि असा फोन पुष्कळदा घरातल्या बाईचा किंवा म्हाताऱ्याचा असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस यांचे वेगळे प्लॅन सक्तीचे केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. त्यामागची दृष्टी योग्य होती. त्यानंतर खासगी कंपन्यांचे ८४ दिवसांचे बोलण्याचे प्लॅन साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांना आले. २८ दिवसांना दीडशेच्या आसपास पडत असल्याने हा दिलासा आहे, पण २०१८ च्या ३५ रुपयांपासून तो फार दूर आहे.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. नंबर न बदलता कंपनी बदलता येते, तर गिऱ्हाइकाने पायाने मत द्यावं. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर लोकांनी ते दिलंही. त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे देशभरात सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. पण कंपनी बदलण्याचा हक्क जिथे दोन-तीन टॉवर आहेत तिथेच कामाचा. जिथे एकच टॉवर पोहोचतो तिथे गिऱ्हाईक मोकळं नसतं, आणि जिथे एकही पोहोचत नाही तिथे हा हक्क कागदावरच राहतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विरळ वस्तीत टॉवरचा खर्च निघत नाही, वनजमिनीत परवानग्या लागतात, वीज आणि डिझेलचा खर्च असतो, मग कंपनीने तोटा का सोसावा? तिने एकटीने सोसू नये हे मान्य. त्यासाठीच तर एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी आहे, आणि दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के त्यात जातात. हा पैसा अखेर रिचार्जमधूनच येतो, म्हणजे बंदी भागातला माणूसही तो भरतो. पण मोबाइल टॉवरसाठी हा निधी वापरण्याची मुभा कायद्यात २००६ मध्ये आली. ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींचा कार्यक्रम जुलै २०२२ मध्ये मंजूर झाला, आणि बीएसएनएलचं देशी ४जी जाळं सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. शहरांना ४जी मिळून तोवर अनेक वर्षं लोटली होती. खर्च निघत नाही हे जितकं खरं, तितकंच तो भरून काढण्यासाठी पैसा गोळा होत होता हेही खरं.

बीएसएनएलला झुकतं माप देऊन हा प्रश्न सुटेल, असंही म्हणता येत नाही. दुर्गम भागात सरकारी टॉवरच आधी आला हे तिचं श्रेय आहे. पण टॉवर उभा असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. भारनियमनाच्या वर्षांत खेड्यातला टॉवर बॅटरी आणि डिझेलवर टिकून असे. बॅटरी थकली, डिझेल आलं नाही किंवा रस्त्याच्या कामात केबल तुटली की खांब जागेवर राही आणि रेंज जाई. रेंज ही बांधून दाखवण्याची वस्तू नाही, ती रोज पुरवण्याची सेवा आहे. किती टॉवर उभारले हा आकडा म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या गावात, दिवसाचे किती तास, घरात आणि शेतात काय मिळालं, हे मोजायला हवं.

या इतिहासातून आजच्या गिऱ्हाइकासाठी निवडीचा क्रम निघतो. पहिली पायरी जागेची. नियामकाच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना २जी, ४जी, ५जी कुठे मिळतं त्याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते पाहावेत, पण अंतिम मानू नयेत, कारण उघड्यावरची रेंज भिंतींच्या आत तशीच मिळत नाही. शेजाऱ्याचं किंवा पाहुण्याचं सिम आपल्याच फोनमध्ये घालून घरात, शेतात आणि नेहमीच्या वाटेवर, सकाळी आणि संध्याकाळी, बोलून पाहणं हीच खरी परीक्षा. दुसरी पायरी फोनची. निवडलेल्या कंपनीची सेवा ४जीवर असेल आणि फोनला ४जीवरून बोलण्याची सोय नसेल, तर टॉवर जवळ असूनही उपयोग नाही. तिसरी पायरी मुदतीची. चुकारे हातात आले की वर्षाची किंवा ८४ दिवसांची मुदत घेणं, विशेषतः फक्त बोलण्याचं व्हाउचर, हंगामी मिळकतीला मानवतं. मात्र रेंजची परीक्षा झाल्याशिवाय वर्षाचे पैसे गुंतवू नयेत, कारण कंपनी बदलली की उरलेली शिल्लक आणि मुदत जाते, आणि नव्या कंपनीत आल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. भाव आणि जीबी यांची पाळी या तिन्हींनंतर येते.

तरीही हा भार गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोडून देणं न्याय्य नाही, कारण आता फोन हौसेचा उरलेला नाही. ई-पीक पाहणी, रोजगार हमीची हजेरी, आधारशी जोडलेले ओटीपी आणि २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाच्या खरेदीसाठीची नोंदणी, या सगळ्याला मोबाइल लागतो. शासन ज्या साधनावर हक्क देतं, त्या साधनाची हमी शासनाने द्यायला हवी. पण माप अजून जुनंच आहे. २०२४ च्या नियमांत जिल्ह्यातली सेवा २४ तासांहून अधिक खंडित राहिली तर प्रीपेड ग्राहकाला मुदत वाढवून द्यायची तरतूद आली. ती स्वागतार्ह आहे, मात्र तिचं एकक जिल्हा आहे. एका पोडाचा टॉवर आठवडाभर बंद राहिला तरी जिल्हा चालूच असतो. परवान्यात यवतमाळ नगरपालिकेच्या हद्दीने मोजलं होतं, आता जिल्ह्याने मोजलं जातं, आणि दोन्ही वेळा पोड व तांडा मापाबाहेर राहतात. हे एकक टॉवरपर्यंत खाली आणलं पाहिजे, म्हणजे जो टॉवर बंद त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची मुदत आपोआप वाढेल. दुसरा उपाय तर सुरूही झाला आहे. सार्वजनिक निधीतून उभारलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिन्हींची सिम एकमेकांच्या जाळ्यावर चालावीत, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. जिथे एकच टॉवर पोहोचतो अशा प्रत्येक वस्तीला ती लागू करावी, टॉवर कोणाच्याही पैशाने उभारलेला असो, आणि वापरणाऱ्या कंपनीने टॉवरमालकाला रास्त मोबदला द्यावा. तसं झालं तर झरी-जामणीच्या मजुराला आधी टॉवर शोधून मग रिचार्ज निवडावं लागणार नाही. कोथरूडच्या माणसाइतकेच पैसे तो आजही भरतो. त्या पैशांत तेवढीच सेवा मागण्याचा त्याचा हक्क आहे, आणि तो नियमात लिहून घ्यायची वेळ आली आहे.